साहेब सही शिकतात

बोरू हे काही त्याचं घरच्यांनी ठेवलेलं नाव नव्हे. शाळेत तो इतका काटकुळा होता आणि त्याचं अक्षर इतकं वळणदार, की एका मास्तरांनी गमतीनं त्याला बोरू म्हटलं आणि वर्गानं ते उचलून धरलं. पुढं त्याला पोट सुटलं, डोक्यावरचे केस गेले, वय एकोणसाठ झालं, तरी नाव काही सुटलं नाही. आमदारांच्या कचेरीत येणारी माणसं त्याला बोरूकाका म्हणत आणि काम झालं की साहेबांचे आभार मानून जात.

कचेरी म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचे तीनच पाय धड. भिंतीवर मतदारसंघाचा नकाशा. वर चढावरची दाटीवाटीची घरं, मधे जुना बाजार, खाली नदीकाठचे नवे मनोरे. सकाळी नऊला दार उघडलं की अर्ज घेऊन माणसं यायची. कुणाच्या गल्लीतला दिवा गेलेला, कुणाच्या मुलीला शाळेत जागा नाही, कुणाच्या जिन्यात पाण्याचा पाइप फुटलेला आणि तीन खात्यांनी एकमेकांकडं बोट दाखवलेलं. बोरू सगळं ऐकून घ्यायचा, पत्र तयार करायचा आणि पत्रांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत जायचा. दाराला आतून कडी लागायची. बाहेरची माणसं आदरानं कुजबुजायची, "साहेबांशी विचारविनिमय चाललाय."

आत काय चालायचं ते सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. आत साहेब खुर्चीत रेलून भाजलेले दाणे खायचे आणि बोरू टेबलाशी बसून साहेबांच्या सह्या करायचा.

लबाडी म्हणाल तर लबाडीच. पण ती कुणी बेत आखून केलेली नव्हती. बोरू मुळात पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांच्या पाट्या, 'येथे वाहने लावू नयेत' अशा पाट्या, ज्यांच्याखाली लोक हमखास वाहनं लावत. पुढं छापील पाट्या आल्या आणि त्याच्या ब्रशला काम उरलं नाही. त्याच सुमारास साहेब पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले. भिंती रंगवायला त्यांनी बोरूला धरला आणि निवडून येईपर्यंत सोडला नाही. निवडून आल्यावर तर नाहीच नाही.

निकालाच्या दिवशी कार्यकर्त्यांनी साहेबांना खांद्यावर घेतलं. घेतलं ते ठीक, पण चौकात पुढच्यांना वाटलं मागच्यांनी धरलंय आणि मागच्यांना वाटलं पुढच्यांनी. साहेब उजव्या हातावर पडले. दोन महिने प्लास्टर. नेमके त्याच दोन महिन्यांत नमुना सह्यांचे कागद आले. आमदाराचं पत्र खरं की बनावट हे जुळवून बघता यावं म्हणून एकवीस कचेऱ्यांना साहेबांची सही हवी होती, प्रत्येकी तीनदा. एखाद्या शहाण्या माणसानं हात बरा होईपर्यंत मुदत मागितली असती. पण साहेबांना नव्याची नवलाई.

"आमदार झालो आणि पहिलंच काम काय, तर मुदत मागा?" साहेब म्हणाले. "तूच कर रे. तू पाट्या रंगवणारा माणूस, तुला काय जड आहे? मला शोभेल अशी कर म्हणजे झालं."

बोरूला आयुष्यात इतकी सुंदर संधी मिळाली नव्हती. पाटीवर गिऱ्हाईक म्हणेल तेच अक्षर काढावं लागतं. इथं एका अख्ख्या आमदाराची सही मनासारखी घडवायची होती. दुपारभर त्यानं कागद घालवले. सुरुवातीला वर उचललेला आकडा, मधे एकात एक गुंतलेले दोन वळसे, आणि शेवटी मागं फिरून सगळ्या नावाखालून जाणारं लांब शेपूट. त्रेसष्ट सह्या, सगळ्या एकसारख्या. साहेबांनी डाव्या हातानं त्याची पाठ थोपटली.

मग प्लास्टर निघालं. साहेबांनी मोठ्या ऐटीत पहिल्या पत्रावर स्वतः सही केली. त्यांची सही म्हणजे कोंबडीचे पाय. चार दिवसांत पत्र परत आलं: सही नमुन्याशी जुळत नाही. दुसरंही परत आलं, आणि त्यावर शेरा होता की पुन्हा असं झाल्यास आमदारांनी प्रत्यक्ष येऊन खातरजमा करून द्यावी. साहेबांना घाम फुटला. नमुना बदलून घ्यायचा तर अधिकाऱ्यासमोर बसून आधी जुनी सही करून दाखवायची आणि मग नवी. जुनी कोण करणार? ही गोष्ट विरोधकांच्या कानावर गेली तर खोट्या सहीचा आमदार म्हणून शहरभर बोंब झाली असती. सभागृहाच्या हजेरीपटावर तेवढी साहेब आपली कोंबडी नाचवत. तिथं कोण जुळवून बघतो? बाकी प्रत्येक कागदावर आमदार म्हणजे बोरू.

"थोडे दिवस," साहेब तेव्हा म्हणाले होते. त्या थोड्या दिवसांना आता एकोणीस वर्षं झाली होती.

साहेब त्या हाताला जीव लावून होते, हे मात्र कबूल करायला हवं. बोरूनं स्कूटर चालवायची नाही, खुर्च्या उचलायच्या नाहीत. बोट चेपू नये म्हणून कचेरीच्या दाराला त्यांनी रबराचा तुकडा ठोकून घेतला. बोरूला टायफॉइड झाला तेव्हा साहेब दवाखान्यात फळं घेऊन आले. फळांखाली अठ्ठावीस पत्रं होती. मुलीच्या लग्नात पाहुणे जेवत होते तेव्हा मुलीचा बाप सामानाच्या खोलीत पोत्यावर बसून कुठल्याशा शाळेच्या छपरासाठी सह्या करत होता. आई गेली, तेव्हा तिसऱ्या दिवशी साहेब दारात आले, बोरूच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. दुसऱ्या हातात फाइल होती. एकोणीस वर्षांत सलग चार दिवसांपेक्षा जास्त रजा बोरूला कधी मिळाली नाही, आणि ती मागताना आपण चोरी करतोय असंच त्याला वाटायचं.

आता असं अडकलेलं माणूस कुढत बसलं असतं. बोरूही कुढायचा. पण त्या कोंडवाड्यात त्याला एक खिडकी सापडली होती. साहेब काही वाचत नसत.

दर वर्षी मतदारसंघातल्या कामांचा प्राधान्यक्रम पाठवावा लागे. साहेबांची आवड ठरलेली: चौकात कारंजं, रस्त्यावर कमान, नदीकाठी स्वतःच्या नावाची बाग. बोरू मान हलवून सगळं लिहून घ्यायचा आणि टाइप करताना यादीची उतरंड उलटी लावायचा. वर चढावरच्या दोनशे दहा पायऱ्यांना कठडा. मग बाजारातल्या शाळेत मुलींच्या संडासांना आतून कड्या. मग दवाखान्यात संध्याकाळचा डॉक्टर. कमान सतराव्या क्रमांकावर जायची आणि निधी बाराव्या क्रमांकावरच आटोपायचा. "या वर्षीही कमान राहिली का रे?" साहेब विचारायचे. "थोडक्यात राहिली, साहेब," बोरू म्हणायचा.

मतदारसंघात साहेबांचं नाव झालं. काम पाहावं तर यांचं, लोक म्हणायचे. बाकीचे आमदार कमानी बांधतात, हे कड्या बसवतात. पुढच्या तिन्ही वेळा निवडून आले ते त्या कड्यांवर. साहेबांना सुरुवातीला हे सगळं ऐकताना अवघडल्यासारखं व्हायचं, पण स्तुती ही अशी गोष्ट आहे की माणूस तिच्यात हळूहळू बसतो आणि मग उठत नाही.

दोनदा मात्र बोरूनं पेन खाली ठेवलं होतं. एकदा मुलांच्या मैदानावर वाहनतळ करायचा होता, एकदा चढावरची एक अख्खी रांग उठवायची होती. "साहेब, ही मी नाही करणार," तो म्हणाला होता. साहेबांनी आदळआपट केली, दोन दिवस त्याच्यापुढं दाण्यांची वाटी सरकवली नाही. पण करणार काय? तक्रार करायची ती कुणाकडं, की माझा माणूस माझी खोटी सही करायला नकार देतो? दोन्ही कागद फडताळात धूळ खात पडले. साहेब बोरूच्या मुठीत आणि बोरू साहेबांच्या खोलीत, असा तो संसार होता.

खऱ्या संसाराची गोष्ट वेगळी. बोरूची बायको तीन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला दुसऱ्या शहरात गेली, रेल्वेनं सोळा तासांवर. तीन महिन्यांसाठी गेली होती. मुलगी परिचारिका, कधी दिवसपाळी कधी रातपाळी, बाळाला सांभाळायला कुणी हवंच. तीन महिन्यांची तीन वर्षं झाली. नातू आता बोलत होता. फोनच्या पडद्यावर आजोबांचा चेहरा नीट मावत नसे, वरचा भागच दिसे, म्हणून तो त्यांना टक्कल म्हणायचा. "आजी, टक्कलचा फोन!" बोरूला ते फार आवडायचं, आणि फोन ठेवल्यावर घर जास्तच रिकामं वाटायचं. बायकोशिवाय राहणं त्याला जमलं नव्हतं. तिची चप्पल अजून दाराशी होती आणि ती उचलून ठेवायचा त्याला धीर झाला नव्हता.

रोज दुपारी दीडला तिचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"कालचंच."

"काल काय होतं?"

"परवाचं."

ती हसायची. एका दुपारी ती हसली नाही. म्हणाली, "समोरच्या इमारतीत एक खोली चार महिन्यांनी रिकामी होतेय. तळमजला, दोन खिडक्या. मी मालकीणबाईंना हो म्हटलंय. दोन माणसांची खोली आहे. त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत तुम्ही आलात तर राहू आपण तिथं. नाही आलात तर किल्ली परत करेन, आणि मग पुन्हा कधी विचारणार नाही. रागानं नाही हो बोलत मी. विचारून विचारून दमले."

बोरू साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. ही सही खरी कुणाची हे जगात तिघांनाच ठाऊक होतं: साहेब, बोरू आणि बोरूची बायको. त्यामुळं फार प्रस्तावना लागली नाही.

"साहेब, मला सोडा आता."

"सोडतो की. हात इथं ठेवून जा," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. बोरू हसत नाही हे बघून थांबले.

"एक उपाय आहे," बोरू म्हणाला. "तुम्ही सही शिका."

"कुणाची?"

"तुमची."

साहेब आधी हसले, मग भडकले, मग उठून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच येऊन आतल्या खोलीत बसले. पुढ्यात नवी दुरेघी वही होती. पहिलीतल्या पोरासारखा त्यांनी तिच्यावर कागद घातला होता, आतली गोष्ट बाहेरून कळू नये म्हणून.

शिकवणी सुरू झाली. रोज आठ ते पावणेनऊ. बोरूनं सही सुटी करून दिली: आठवडाभर नुसता आकडा, मग पहिला वळसा, मग दुसरा. बासष्टाव्या वर्षी साहेबांचा हात फिती कापायला आणि गर्दीकडं बघून हलवायला सरावलेला. वळसा घ्यायचं म्हटलं की तो हात घोड्यासारखा अडायचा. लिहिताना त्यांची जीभ बाहेर यायची. बोरू मागं उभा राहून त्यांचं मनगट धरायचा.

"दाबू नका साहेब. पेन आहे, पहार नाही."

"तू कसं करतोस रे हे?"

"मी केलीय ना ती, म्हणून."

साहेब मान खाली घालून पुढची ओळ लिहायचे. बोरूला त्यांची दया यायची. स्वतःच्याच नावासाठी दुसऱ्याकडून धडे घ्यायचे, ही काय साधी शिक्षा आहे? पण साहेबांनी चिकाटी सोडली नाही. सभागृहात भाषणं चालू असताना ते बाकावर वही उघडून गिरवत बसत. एका वर्तमानपत्रात फोटो आला: हे ज्येष्ठ आमदार प्रत्येक भाषणाची टिपणं काढतात, नव्यांनी आदर्श घ्यावा. बोरूनं तो फोटो भिंग लावून पाहिला. वळसे अजून ढिले होते.

दोन महिन्यांनी त्यांनी पहिली परीक्षा घेतली. बोरूच्या वीस पत्रांत साहेबांच्या सहीचं एक घातलं, रस्त्यावरच्या दिव्याचं. ते परत आलं. पुढच्या महिन्यात आणखी एक, तेही परत. आणि त्यावर तो जुना शेरा, प्रत्यक्ष येऊन खातरजमा करावी. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बोरूनं त्याच विषयाचं दुसरं पत्र करून कसंबसं निभावलं. "आता तू बघून हो म्हटल्याशिवाय माझ्या हातचा एकही कागद बाहेर जाणार नाही," साहेब म्हणाले. "तुझ्या डोळ्याला जे दिसतं ते मला दिसत नाही."

चौथ्या महिन्यात आकडा बसला, वळसे बसले, फक्त शेपूट राहिलं. बोरूनं बायकोला फोनवर तसं सांगितलं. खोली तोवर तिच्या ताब्यात आली होती. ती म्हणाली, "मी खिडक्यांना पडदे लावून घेतलेत." बोरूनं रेल्वेचं तिकीट काढलं. घरातली भांडी शेजारणीला देऊन टाकली आणि एक पातेलं तेवढं ठेवलं. सकाळी चालत कचेरीत येताना तो शीळ घालू लागला होता. इतक्या वर्षांत त्याला कुणी शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

महिना संपायला सहा दिवस होते. त्या सकाळी साहेब आधीच येऊन बसले होते आणि शेजारी त्यांचा मेहुणा होता. मेहुणा म्हणजे बांधकामांचा मोठा ठेकेदार. अंगापिंडानं भक्कम, बोलायला गोड. त्यानं टेबलावर एक टाइप केलेला कागद ठेवला, बोरूकडं बघून हसला आणि "मी बाहेर थांबतो, दाजी" म्हणून निघून गेला.

"आज पहिली खरी सही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात शाळकरी हुरूप होता. "सरावाची नाही. कामाची."

बोरूनं कागद वाचला. बाजारामागचं बावीस खाटांचं सरकारी प्रसूतिगृह महामार्गापलीकडं तात्पुरतं हलवायचं, जुन्या जागेवर दुकानांची इमारत आणि वाहनतळ बांधायचा. त्याला स्थानिक आमदारांची हरकत नाही. एवढंच. खाली सहीची जागा मोकळी होती.

ते प्रसूतिगृह बोरूला ठाऊक होतं. चढावरच्या बाया कळा सुरू झाल्या की त्या दोनशे दहा पायऱ्या उतरून, कठड्याला धरत, वीस मिनिटांत तिथं पोचायच्या. त्याची स्वतःची मुलगी तिथंच झाली होती, आठव्या महिन्यात. आणखी अर्धा तास लागला असता तर आई आणि पोर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. महामार्गापलीकडं जायला दोन बस बदलाव्या लागत.

"साहेब, हे तात्पुरतं नाही."

"कागदावर तात्पुरतं लिहिलंय."

"कागद मीही एकोणीस वर्षं लिहितोय."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "मला माहीत होतं तू हेच म्हणणार. म्हणून तर तुला टाइप करायला दिलं नाही. सहा महिने झाले हा मागं लागून. तू करणार नाहीस, हे मी त्याला कसं सांगू? त्याला वाटतं मीच टाळतोय."

बोरूच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. त्याला वाटत होतं, साहेब त्याच्या सुटकेसाठी पहाटे उठून वळसे गिरवतायत. मनातून तो त्यांचा किती ऋणी झाला होता! आणि इथं हा कागद आधीपासून रांगेत उभा होता.

"मी काही वाईट माणूस नाही रे," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज पडला होता. "लोक म्हणतात कठडा साहेबांनी केला, कड्या साहेबांनी केल्या. मी हात जोडतो आणि आत कुठंतरी मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी काय केलं? दाणे खाल्ले. चार वेळा निवडून आलो आणि माझ्या हातानं झालेलं एक काम मला दाखवता येत नाही. एक तरी मला माझ्या हातानं करू दे. बरं असो की वाईट."

आणि त्यांनी सही केली.

जीभ बाहेर आली नाही. हात कुठं अडला नाही. आकडा वर उचलला गेला, दोन वळसे एकात एक शिरले, आणि शेपूट मागं फिरून सगळ्या नावाखालून असं सरकलं की बोरूच्या अंगावर काटा आला. ती त्याचीच सही होती. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दुपारी पहिल्यांदा जमली होती तशी, किंबहुना त्याहून टवटवीत. त्याच्या स्वतःच्या हाताला अलीकडं थोडा कंटाळा आला होता.

साहेब कागदाकडं बघत नव्हते. ते बोरूकडं बघत होते. परीक्षेचा निकाल ऐकायला पोरं बघतात तसं.

"जुळते का?"

हो म्हटलं की संपलं. तिकीट खिशात होतं. दोन खिडक्यांची खोली, पडदे, टक्कल म्हणणारं पोर, रोज समोर बसून जेवणारी बायको. चार महिने ज्या एका शब्दासाठी त्यानं या माणसाचं मनगट धरलं, तो शब्द ओठावर येऊन बसला होता. साहेब शिकले, बोरू सुटला. यात खोटंही काही नव्हतं. उलट इतक्या वर्षांतलं पहिलं खरं बोलणं झालं असतं ते.

"नाही," बोरू म्हणाला.

"नाही?"

"नाही साहेब. शेपूट चुकलं."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "कुठं?"

"उचललंय. शेवटी पेन उचललंय तुम्ही. नमुन्यात ते टेकलेलं आहे. लगेच ओळखतील. आणि हा विषय असला, की सही तीनतीनदा तपासतात. तुम्हाला समोर बोलावतील."

साहेबांनी पुन्हा पाहिलं. त्यांना काही दिसेना, आणि दिसत नाही म्हणूनच त्यांचा विश्वास बसला. "मग तू कर," ते हलक्या आवाजात म्हणाले. उत्तर ठाऊक असल्यासारखे म्हणाले.

"ही मी नाही करणार."

साहेबांनी कागदाची उभी घडी घातली, मग आडवी, आणि फाडला. बाहेर जाऊन मेहुण्याला काहीतरी सांगितलं. "सहा महिने झाले दाजी, अजून विचारच चाललाय?" एवढं बोरूला ऐकू आलं, आणि मोटार गेल्याचा आवाज.

दीडला फोन वाजला.

"शिकले का साहेब?"

"नाही."

"परवा तर म्हणालात, शेपूटच राहिलंय."

"तेच नाही जमत."

तिच्या मागं नातवाची कसलीशी बडबड चालली होती.

"त्यांना नाही जमत, का तुम्हाला?"

बोरूनं तिला सगळं सांगितलं असतं. प्रसूतिगृहाचं नाव काढलं असतं तर तिनं पुढं ऐकायचीही वाट पाहिली नसती. त्या पायऱ्या तीच उतरली होती. पण मग तिला म्हणावं लागलं असतं की बरं केलंत, राहा तिथंच. तिच्याच तोंडून ते वदवून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

"मला," तो म्हणाला.

"बरं." तिचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाची बोरूला भीती वाटली. "मालकीणबाई दुपारी घरी असतात. किल्ली देऊन येते. तुम्ही जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्या सकाळी आठला साहेब मात्र आले होते. त्यांनी वही बोरूपुढं उघडून ठेवली. घरी बसून त्यांनी चाळीस सह्या केल्या होत्या, शेपटाची टोकं जीव तोडून टेकवलेली.

"आता बघ," ते म्हणाले. "यातली एक तरी?"

बोरूनं एकेक सही पाहिली, वरून खाली, घाई न करता. चाळीसच्या चाळीस बरोबर होत्या. त्यानं लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या सहीवर फुली मारली.